रिबिल्ट टायटलची गाडी घेताय? "क्लीन टायटलच्या भावापेक्षा २५ टक्के कमी" हा भाव कुठून काढला ते आधी विचारा

डॅलसकडे (टेक्सास) नवीन आलेल्या मंडळींसाठी लिहितोय. इथे गाडीशिवाय साधं दूध आणायलाही जाता येत नाही, क्रेडिट हिस्टरी नसल्यामुळे लोन धड मिळत नाही, मग कॅशमध्ये बसेल अशी गाडी शोधायला लागलं की रिबिल्ट टायटलवाल्या जाहिराती समोर येतातच. माझे त्यात चारेक हजार डॉलर गेले, आणि गाडीबद्दल जे सांगितलं होतं ते खोटं निघालं ते वेगळंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, टायटल म्हणजे मालकीचा कागद. गाडी ठोकली, बुडाली, गारांनी चेपली, काहीही झालं आणि दुरुस्तीचा खर्च एका मर्यादेच्या वर गेला की इन्शुरन्स कंपनी मालकाला पैसे देते आणि टायटलवर सॅल्व्हेजचा शिक्का बसतो. मर्यादा स्टेटप्रमाणे वेगळी, न्यूयॉर्कला गाडीच्या किमतीच्या ७५ टक्के, टेक्सासात १०० टक्के. म्हणजे टेक्सासात शिक्का बसलेली गाडी नुसती खरचटलेली नसते हे धरूनच चाला. मग ती लिलावात जाते, कोणीतरी उचलतो, नीट करतो, काय काय बदललं ते लिहून देतो आणि रिबिल्टचं टायटल मिळवतो. एअरबॅगचं कव्हर उघडून आत बघणारा या सगळ्यात कोणी नसतो.

आता आमचे विक्रेते. मराठी माणूस, ओळखीच्या ग्रुपमधून आलेला, पहिल्या फोनलाच म्हणाला, "दादा, आधीच सांगतो, टायटल रिबिल्ट आहे, आपल्याकडे लपवाछपवी नाही. मागून टेकली होती, बंपर आणि डिकीचं झाकण बदललंय, बाकी गाडी एक नंबर." इथेच खरी गोम आहे. जो माणूस स्वतःहून वाईट गोष्ट सांगतो त्याच्या पुढच्या चार गोष्टी आपण खऱ्या धरतो, आणि रिबिल्ट हा शब्द तर टायटलवर छापलेलाच असतो, तो लपवता येतच नाही, म्हणजे सांगून त्याने उपकार काहीच केले नव्हते.

मग भाव. २०१८ ची जपानी सेडान. त्याने फोनवर केली ब्लू बुक (गाड्यांचे भाव सांगणारी साइट) उघडून दाखवलं, १९ हजार. म्हणाला रिबिल्टला २५ टक्के सोडायचे, झाले १४,२५०, आपल्या माणसाला १३,५००. ऐकायला एकदम हिशेबी वाटतं, पण यात दोन गडबडी. एक म्हणजे ते १९ हजार डीलरच्या शोरूममधल्या, वरच्या मॉडेलच्या, एकदम टापटीप गाडीचे होते, आणि ही खालचं मॉडेल, तीही घरगुती विक्री. प्रायव्हेट पार्टी, गुड कंडिशन आणि खरं मॉडेल टाकलं की तोच आकडा १५,६०० च्या आसपास येतो. दुसरं म्हणजे केली ब्लू बुक रिबिल्ट गाडीचा भाव देतच नाही, तिथले सगळे आकडे क्लीन, म्हणजे शिक्का नसलेल्या टायटलचे. २० ते ४० टक्के कमी हा लोकांचा ढोबळ अंदाज आहे, आणि त्या २० आणि ४० च्या मधे नेमकं कुठे बसायचं हे काय तुटलं होतं त्यावर ठरतं. गारांनी पत्रा चेपलेली गाडी २० ला जाईल. एअरबॅग फुटलेली, चॅसी हललेली किंवा पुरात बुडालेली गाडी ४० ला सुद्धा महाग. १५,६०० मधून ४० टक्के काढा, ९,३६० च्या पुढे जात नाही.

शिवाय ती उद्या विकणार कोणाला? बरेच डीलर ट्रेड-इनला (जुनी देऊन दुसरी घेताना) घेत नाहीत, घेतलीच तर पडेल भावात. बँका तिच्यावर लोन द्यायला कचरतात, म्हणजे पुढचं गिऱ्हाईकही कॅशवालंच शोधायचं. बऱ्याच इन्शुरन्स कंपन्या फक्त लायबिलिटी (समोरच्याच्या नुकसानीपुरतं) देतात, फुल कव्हर नाही, आणि ज्या देतात त्या क्लेमच्या वेळी रिबिल्टचाच भाव धरतात. हे सगळं विकत घेतानाच किमतीतून कापून घ्यायचं असतं.

मला पहिला झटका काउंटी ऑफिसात बसला. टेक्सासात प्रायव्हेट विक्रीवर ६.२५ टक्के टॅक्स, तो तुम्ही दिलेल्या किमतीवर किंवा सरकारी एसपीव्हीच्या ८० टक्क्यांवर, जे जास्त असेल त्यावर. एसपीव्ही म्हणजे सरकारने धरलेली गाडीची किंमत, आणि त्याला रिबिल्टबिबिल्ट काही कळत नाही. माझ्या गाडीचे ८० टक्के आले १२,४८०, आणि मी दिलेले १३,५०० त्याच्याही वर! म्हणजे हा "स्वस्त" भाव सरकारी टॅक्सच्या किमान आकड्यालाही वरचढ होता. हा एसपीव्ही टेक्सास डीएमव्हीच्या (वाहन खात्याच्या) साइटवर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून फुकट दिसतो, सौदा करायच्या आधी बघा. आणि गाडी खरंच त्याहून बरीच स्वस्त मिळाली तर २० कामकाजी दिवसांच्या आत डीलर किंवा इन्शुरन्स अ‍ॅडजस्टरकडून लेखी अप्रेजल (किमतीचं मूल्यांकन) घ्या, नाहीतर टॅक्स उगाच जास्त भरावा लागतो.

पुढचे टायर आतल्या बाजूने झिजायला लागले म्हणून अलाइनमेंटला नेली तर तिथला माणूस म्हणाला, ही पुढून बसलीये, खालचा सबफ्रेम सरळ नाही. मागून टेकलेली गाडी पुढून कशी काय बसली? घरी येऊन १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन गूगलला टाकला आणि जुन्या लिलावाचे फोटो निघाले, बॉनेट अर्धं दुमडलेलं, स्टिअरिंगवर एअरबॅग लोंबतेय. मग दुसऱ्या मेकॅनिकने कव्हर काढलं, आत एअरबॅगच नाही, तिच्या जागी रेझिस्टर लावून कॉम्प्युटरला गंडवलेलं. बायको याच गाडीने रोज हायवेने जायची. पैशांचं ठीक आहे हो, पण याचा राग अजून जात नाही.

त्यामुळे व्हीआयएन नुसता कारफॅक्सला (गाडीचा इतिहास विकणारी साइट) टाकून थांबू नका, न कळवलेला अपघात तिथे दिसत नाही. एनआयसीबीचं (इन्शुरन्सवाल्यांची संस्था) व्हीआयएनचेक फुकट आहे, एनएमव्हीटीआयएसचा (देशभरच्या टायटलची सरकारी नोंद) रिपोर्ट थोडक्या डॉलरमध्ये मिळतो, त्यात दुसऱ्या स्टेटमध्ये नेऊन धुवून आणलेलं, म्हणजे शिक्का पुसलेलं टायटलही बऱ्याचदा सापडतं. लिलावाचे फोटो विक्रेत्याकडेच मागा, ज्याने खरंच नीट दुरुस्ती केलीये तो आधीचे फोटो आणि पार्टची बिलं जपून ठेवतो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे, लागलाच नाही तर निघून या. आमच्यासारखा लागून विझला तरी खात्री नाही, म्हणून मेकॅनिकला दीडदोनशे डॉलर देऊन आत बघायला लावा. आणि टायटलवर नाव कोणाचं आहे? आमच्याकडे "मेव्हण्याचं" होतं. वर्षाला चारपेक्षा जास्त गाड्या विकायला टेक्सासात डीलर लायसन्स लागतं, ते चुकवायलाच हे मेव्हणे असतात.

मी डीएमव्हीकडे तक्रार केलीये आणि जस्टिस कोर्टात दावा लावलाय, तिथे २० हजार डॉलरपर्यंतचं प्रकरण वकिलाशिवाय चालतं. तो म्हणतोय "अ‍ॅज इज" लिहून घेतलं होतं. पण जशी आहे तशी विकणं वेगळं आणि पुढून ठोकलेली गाडी मागून टेकली म्हणून विकणं वेगळं, आणि त्याचे "मागून टेकली होती" वाले मेसेज माझ्याकडे आहेत. बोलणी कायम मेसेजवर करा. दरम्यान त्याची नवी जाहिरात आलीये, पांढरी एसयूव्ही, रिबिल्ट, "फक्त गारा लागल्या होत्या". कोणी बघायला जाणार असाल तर व्हीआयएन आधी मागा, देतो का बघा.