डीआरव्ही२६०५एल मनगटी पट्ट्यात: काही महिन्यांच्या वापरानंतर

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ही कंपन-मोटर चालवणारी ड्रायव्हर चिप १० मिमीच्या नाण्यासारख्या ईआरएम मोटरवर (हिच्यात एका बाजूला जड असलेलं वजन फिरतं) आणि एलआरएवर (हिच्यात स्प्रिंगवरचं वजन पुढे-मागे हलतं), दोन्हींवर वापरून झाली. स्पष्ट मत असं की छोट्या टिचकीसाठी मोटर किती 'जी' (कंपनाचा जोर) देते या आकड्यामागे लागू नका. ती किती लवकर उठते आणि किती लवकर थांबते, ते बघा.

त्वचेला कंपनाचा जोर आणि कालावधी सुटे सुटे कळत नाहीत. २०० ते ३०० हर्ट्झला सर्वांत संवेदनशील असलेले त्वचेतले पॅसिनियन संवेदक काही काळ मिळालेली कंपनं बेरजेत धरतात. म्हणून जोर तेवढाच ठेवूनही २० मिलिसेकंदांचं कंपन २०० मिलिसेकंदांच्या कंपनापेक्षा हलकं लागतं. ईआरएम इथेच मार खाते. तिचं वजन पूर्ण वेगाने फिरेपर्यंत साधारण ५० मिलिसेकंद किंवा जास्त जातात, आणि वीज बंद झाल्यावरही ती फिरत राहते. लागोपाठच्या दोन टिचक्यांची मग एकच घरघर होते. व्होल्टेज कमी केलं तर जोरासोबत वारंवारताही उतरते, म्हणजे कंपनाचा पोतच बदलतो. चिप सुरुवातीला जास्त व्होल्टेज देते आणि शेवटी उलटं देऊन ब्रेक लावते. त्याने फरक पडतो, पण एलआरएची सफाई येत नाही.

एलआरएचं दुखणं वेगळं. ती तिच्या अनुनाद वारंवारतेच्या, म्हणजे ज्या वेगाला ती आपसूक सर्वांत जास्त हलते त्याच्या, जवळच जोर देते. चिप ती वारंवारता स्वतः शोधते, पण आधी फीडबॅक रजिस्टरमधला (चिपमधली सेटिंगची जागा, पत्ता हेक्स १ए) बिट ७ (मोजणी शून्यापासून) १ करा आणि लायब्ररी ६, म्हणजे एलआरएसाठीचा तयार कंपनांचा संच, निवडा. मुळात चिप ईआरएमसाठीच लावलेली असते. ऑटो-कॅलिब्रेशन (चिप स्वतःला मोटरशी जुळवून घेते), म्हणजे मोड ७, मोटर टेबलावर सुटी ठेवून कधीही करू नका. पक्क्या केसमध्ये चिकटवून, पट्टा हातावर बांधूनच करा. झाल्यावर स्टेटस रजिस्टरचा बिट ३ वाचा. १ आला तर कॅलिब्रेशन फसलंय. मोटरखाली फोमची टेप नको, जोर तीच गिळते. पातळ दुहेरी टेप पुरते.

लायब्ररीतले इफेक्ट (तयार कंपनं) १, २, ३ म्हणजे जोरदार टिचकी १००, ६० आणि ३० टक्के. बसल्या जागी तिन्ही ओळखता येतात. चालताना १ आणि २ यांत गल्लत होते. संदेश जोराऐवजी टिचक्यांच्या संख्येतून द्यावा. लांब अलार्मनंतर लगेच आलेली टिचकी फिकी वाटते, तेव्हा मध्ये थोडी विश्रांती ठेवा. थंडीत गार पडलेल्या त्वचेलाही कमी जाणवतं.

दोन मनगटांसाठी एकाच बसवर (चिपशी बोलायच्या सामायिक तारांवर) दोन चिप लावून त्या वेगवेगळ्या चालवणार असाल तर टीसीए९५४८एसारखा मल्टिप्लेक्सर (एका वेळी एकाच चिपशी जोडून देणारा स्विच) घ्या, कारण पत्ता एकच, हेक्स ५ए, आणि तो बदलता येत नाही.