एमसीपी सर्व्हर ७ महिने वापरून: कोड एका दुपारी झाला, वर्णनं अजून चालूच आहेत

आमचा स्पेअर पार्टचा होलसेल धंदा, त्याचं जुनं ऑर्डरचं सॉफ्टवेअर गेले ७ महिने एआय एजंटला (सांगितलेली कामं स्वतः करणाऱ्या एआयला) जोडून वापरतोय, मधला एमसीपी सर्व्हर मीच लिहिला, पायथॉनमध्ये फास्टएमसीपी ही लायब्ररी घेऊन. एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडायची ठरलेली पद्धत, अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला, २०२५ मध्ये ओपनएआयनेही घेतला, म्हणजे एकदा सर्व्हर लिहिला की वेगवेगळ्या ॲपमधून तोच चालतो. हे जोडायचं काम खरंच सोपं आहे, शनिवारी जेवून बसलो आणि चहाच्या वेळेपर्यंत ११ टूल, म्हणजे एजंटला वापरता येतील अशी फंक्शनं, तयार. पुढचे दोन महिने त्याच ११ टूलची वर्णनं दुरुस्त करण्यात गेले.

कारण फास्टएमसीपीत फंक्शनचं नाव तेच टूलचं नाव, आणि खालची डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शन काय करतं ते सांगणारा मजकूर, तशीच्या तशी मॉडेलला वर्णन म्हणून जाते. आता डॉकस्ट्रिंग आपण कशा लिहितो ते सगळ्यांना माहितीये. माझ्या 'क्लोज ऑर्डर'वर होतं, "ऑर्डर क्लोज करतो". बस एवढंच. ऑफिसात नवीन पोरगा आला तर तो मान वळवून विचारतो की दादा, क्लोज म्हणजे माल पोचला म्हणून का पार्टीने रद्द केली म्हणून? आमच्याकडे क्लोज म्हणजे माल पोचला, पैसे आले, विषय संपला. एजंटने असलं काही विचारलं नाही. सेल्सवाल्याने टाइप केलं "ही ऑर्डर बंद करून टाक, पार्टीला नकोय", एजंटने सरळ क्लोज मारलं आणि वर "झालं" म्हणून सांगितलं. संध्याकाळी गोडाउनमधून काकांचा फोन, "अहो, माल इथं रॅकवर पडलाय, स्टॉकमधनं वजा कसा झाला?" दोन दिवस एजंटला शिव्या घातल्या, मग ते वर्णन परत वाचलं आणि गप्प बसलो.

आता तिथे लिहिलंय की माल पोचून पूर्ण पेमेंट आलं असेल तरच हे वापरा, पार्टीने रद्द केली असेल तर वापरू नका, त्यासाठी 'कॅन्सल ऑर्डर' आहे, आणि स्टॉक लगेच वजा होतो, परत फिरवता येत नाही. यातलं "वापरू नका" हे वाक्य सगळ्यात कामाचं निघालं, माणसांसाठीच्या मॅन्युअलमध्ये आपण ते कधी लिहीतच नाही. तरी नुसत्या वर्णनाच्या भरवशावर राहू नका बरं का, पेमेंट नसेल तर क्लोज होऊच नये हा चेक मी कोडमध्येही टाकलाय, तो आधीच असायला हवा होता ही गोष्ट वेगळी.

तारखेचा घोळ तर लक्षातच येत नव्हता. टूलला तारीख नुसता मजकूर (स्ट्रिंग) म्हणून द्यायची ठेवलेली, एजंटने ०५/०६/२०२५ पाठवलं, त्याच्या मते ६ मे, माझ्या कोडच्या मते ५ जून. एरर नाही काही नाही, फक्त यादी चुकीची, आणि ती त्याने छान टेबल करून दाखवली. आता स्कीमात, म्हणजे टूलला काय कसं द्यायचं त्या व्याख्येत, पॅटर्न दिलाय, आधी वर्ष मग महिना मग दिवस, सोबत एक उदाहरण.

एरर मेसेजसुद्धा वर्णनच असतं हे फार उशिरा कळलं. "इनव्हॅलिड इनपुट" एवढंच परत जायचं, मग एजंट तोच कॉल थोडाफार बदलून तीनदा मारायचा आणि शेवटी युजरला सांगायचा की सर्व्हर डाऊन दिसतोय. आता जातं, "या कोडची पार्टी नाही, आधी 'सर्च पार्टी' टूलने नावावरून कोड काढा", आणि पुढचाच कॉल बरोबर येतो.

तक्रारी आहेतच. वर्णनं लांबवली की टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) जातात, टूल वापरलं नाही तरी माझ्या सेटअपमध्ये सगळी वर्णनं कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेलसमोरच्या मजकुरात, बसतात, म्हणून तीन सर्च टूलचं एक केलं, असं करत ११ ची ७ झाली. रीड-ओन्ली हिंट (फक्त वाचतं), डिस्ट्रक्टिव्ह हिंट (डेटा बिघडवू शकतं) अशा खुणा टूलला लावता येतात पण नावातच हिंट आहे, ॲपने त्या पाळल्याच पाहिजेत असं नाही. आणि एक वर्णन सुधारलं की दुसरंच टूल बिघडतं, म्हणून सेल्सच्या पोरांनी खरोखर टाइप केलेली ३० वाक्यं जपून ठेवलीत, प्रत्येक बदलानंतर सगळी परत चालवतो. कंटाळवाणं आहे पण दुसरा इलाज सापडला नाही. वर्णनं इंग्रजीत आहेत, त्यात बंद, रद्द, उधारी हे आपले शब्द मुद्दाम देवनागरीत घातले, त्याने चुका बऱ्याच कमी झाल्या.

एक टूल मात्र अजून लटकलंय. निम्मा माल पोचला, निम्मा गोडाउनमध्ये, तर त्या ऑर्डरचं काय म्हणायचं यावर आमच्या सेल्स आणि अकाउंट्सचंच एकमत नाही, मग मी वर्णनात काय लिहिणार? सध्या लिहिलंय, अर्धवट डिलिव्हरी असेल तर काहीही करू नका, युजरला गोडाउनच्या काकांना फोन करायला सांगा.