पोर्तुगीज क्रियापदांचा ऑनलाइन क्लास केला, त्याबद्दल

दोन महिन्यांचा क्लास परवा संपला, फक्त पोर्तुगीज क्रियापदं, शब्दाचे तुकडे कसे पाडायचे आणि जोर कुठे द्यायचा एवढंच. आधी वर्षभर अ‍ॅपवर शिकत होते पण मी बोलले की समोरच्याला काळच कळायचा नाही, ते का हे पहिल्याच तासाला समजलं. आपला पगार हा शब्द पोर्तुगीजमधून आलाय, तिकडे ते क्रियापद आहे, पैसे देणे, आणि पोर्तुगालमधे उच्चार जवळपास आपल्यासारखाच. आता 'त्यांनी दिले' म्हणजे पगारंव, जोर गा वर, आणि 'ते देतील' म्हणजे पगरंव, जोर शेवटी. लिहिताना शेवट वेगळा पण कानाला दोन्हीकडे अंवच! जोर हलला की गा चा ग होतो, बाकी सगळं तेच. मराठीत जोर इकडेतिकडे झाला म्हणून काळ बदलत नाही त्यामुळे आपला कान तिकडे जातच नाही.

सईर म्हणजे बाहेर पडणे, त्याचं तर मला फारच आवडलं. 'तो निघतो' म्हणजे साय, दुधावरची साय म्हणतो तसंच एका तुकड्यात, आणि 'मी निघाले' म्हणजे स-ई, दोन तुकडे, जोर ई वर, म्हणून त्या ई वर तिरकी रेघ.

सगळ्यात अवघड पगार-त-एय, 'मी तुला पैसे देईन', यात 'तुला' क्रियापदाच्या पोटात शिरतं. मॅडमनी सांगितलं की जुन्या काळी हा भविष्यकाळ दोन सुटे शब्दच होता, मूळ क्रियापद आणि पुढे 'असणे'चं रूप, म्हणून मधे जागा आहे. हे कळल्यावर पाठ करावं लागलं नाही. पगा-लु-ईअमुश ('आम्ही ते देऊ', जर-तरच्या अर्थाने) मधे तर जोराच्या दोन खुणा (त्याच तिरक्या रेघा) येतात, गा वर आणि ई वर, कारण आडव्या रेघेने तोडलेला प्रत्येक भाग खुणेसाठी वेगळा धरतात. बोलताना हे प्रकार कमी येतात, औपचारिक लिखाणात भेटतात, ब्राझीलमधे तर फारच क्वचित.

तक्रार एकच पण मोठी आहे, पीडीएफमधे जोराचा तुकडा अधोरेखित केलेला नाही. पगावमुश ('आम्ही द्यायचो') सारख्यात शेवटून तिसऱ्या तुकड्यावर जोर असला की खूण असतेच, पण बिनखुणेच्या शब्दांचं काय, ते सगळं रेकॉर्डिंग थांबवून थांबवून मी हाताने लिहून काढलं. बॅचही थोडी लहान हवी होती, प्रत्येकाचा उच्चार तपासायला वेळ पुरत नाही. पाचपैकी चार स्टार, अगदी नवीन असाल तर मात्र आधी साधा वर्तमानकाळ शिकून मग या.