डबी चांगली आहे, पण तिच्या ‘नाही’वर विसंबू नका

घरी लघवी तपासायच्या पट्ट्यांची डबी घेऊन दोन महिने झाले. ५० पट्ट्या होत्या, १९ उरल्यात. गेलेल्यांपैकी निम्म्या तरी मी निव्वळ धास्तीपोटी वापरल्या, हे आधीच सांगते.

मी शिकवते. एका तासातून दुसऱ्या तासाला पळताना लघवीला जायचं राहतं, आणि जावं लागू नये म्हणून पाणीही कमी पिते. (हो, कळतं, पण वळत नाही.) आधीच्या सहा महिन्यांत एकदा नुसती उन्हाळी लागली म्हणून सोडून दिलं, तर तो जंतुसंसर्ग निघाला. पुढच्या वेळी सरळ घरीच तपासू, म्हणून ही खरेदी.

पट्टी म्हणजे प्लास्टिकची अरुंद फीत, तिच्यावर रंगीत चौकोन. आपल्या कामाचे मुख्य चौकोन दोन. एक नायट्राइटचा: लघवीतल्या नायट्रेटचं काही जंतू नायट्राइट करतात, तेव्हा तो गुलाबी होतो. दुसरा पांढऱ्या पेशींचा, तो जांभळट होतो. पट्टी बुडवून लगेच काढायची, नायट्राइट ६० सेकंदांनी वाचायचं आणि पेशी २ मिनिटांनी. दहा मिनिटांनी परत येऊन बघितलेल्या रंगाला काही अर्थ नसतो. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली फिकट गुलाबी आणि पांढरा एकच दिसतात, तेव्हा उजेडात या. बाकी वापर सोपा, रंगांचा तक्ता स्पष्ट. इथवर काही तक्रार नाही.

आता माझी फजिती. एका रात्री अकरा वाजता जळजळ सुरू झाली. दर पंधरा मिनिटांनी जायचं, दोन थेंब, पुन्हा तीच कळ. मी तांब्याभर पाणी प्यायले, मग पट्टी बुडवली. नायट्राइट नाही. पेशींचा चौकोन किंचित मळकट वाटला, तो मी ‘नाही’तच धरला. संसर्ग नाही म्हणून खूश! दोन दिवस गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर घेऊन काढले. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, उजव्या कुशीत मागच्या बाजूला ठणका आणि उलटी. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता.

डॉक्टरांनी आधी विचारलं, घरात पडलेलं कुठलं अँटिबायोटिक घेतलंत का? नव्हतं घेतलं, तेवढी एक अक्कल शाबूत होती. मग औषधाआधी मधल्या धारेचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला गेला. अहवाल आला ई. कोलाय नावाच्या जंतूचा. बहुतेक वेळा हाच असतो, आणि तो नायट्राइट बनवणाऱ्यांपैकीच. म्हणजे पट्टीला तो सापडला असता. पण त्यासाठी लघवी साधारण चार तास मूत्राशयात थांबलेली हवी, म्हणून सकाळची पहिली लघवी सर्वांत बरी. माझी पंधरा मिनिटांची, वर पाण्याने पातळ झालेली. शिवाय काही जंतू नायट्राइट बनवतच नाहीत, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तरी पट्टी फसू शकते. हे सगळं माहितीपत्रकात होतं. मुंगीएवढ्या अक्षरांत, शेवटच्या पानावर.

तेव्हा माझा हिशेब आता असा: त्रास आहे आणि पट्टी ‘हो’ म्हणाली, तर डॉक्टरांना दाखवायचं. त्रास आहे आणि पट्टी ‘नाही’ म्हणाली, तरी त्रासच खरा. उलट, काहीच त्रास नसताना पट्टी रंगली म्हणून धावत सुटायचंही कारण नसतं, गर्भवतीची गोष्ट सोडून.

त्याच खरेदीत लघवीची आम्लता कमी करणारं सिरपही घेतलं होतं. जळजळ कमी झाल्यासारखी वाटली, पण ते जंतू मारत नाही आणि त्याच्या उपयोगाचा भक्कम पुरावाही नाही. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर विचारल्याशिवाय नको. नायट्रोफ्युरँटोइन (लघवीच्या संसर्गावरचं अँटिबायोटिक) चालू असेल तर मुळीच नको, कारण ते औषध आम्लधर्मी लघवीत जास्त चांगलं चालतं. गरम पाण्याची पिशवी मात्र पैसा वसूल: संसर्ग बरा करत नाही, कळ सोसण्याजोगी करते. कापडात गुंडाळून घ्या, मी पोट भाजून घेतलंय. पाण्याचं म्हणाल, तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि एरवी कमी पाणी पिणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. हा प्रतिबंध झाला, लागलेल्या आगीवरचा उपाय नव्हे.

ताप, थंडी, कुशीत दुखणं, उलट्या किंवा लघवीतून रक्त असेल तर पट्टी शोधत बसू नका, त्याच दिवशी जा. गर्भवती, मधुमेही, लहान मुलं, लघवीची नळी घातलेले आणि पुरुष यांनी साध्या जळजळीलाही दाखवावं. म्हाताऱ्या माणसाला लघवीच्या त्रासासोबत अचानक भ्रम झाला तर तेही तातडीचंच. बाकीच्यांनी दोन दिवसांत उतार नसेल तर जावं. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, तर कारण शोधायला सांगावं.

डबी आता बाथरूममधून हलवून कपाटात ठेवलीय, कारण दमट हवेने पट्ट्या खराब होतात. पाचपैकी साडेतीन तारे. दीड कापला तो त्या शेवटच्या पानाच्या अक्षरांसाठी.