टाइमकार्ड मागवणारं एपीआय टूल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेतल्या बांधकाम साइटवरची हजेरी, म्हणजे टाइमकार्डं, पेरोलपर्यंत, म्हणजे पगाराच्या हिशेबापर्यंत, आणण्यासाठी आमची टीम नऊ महिने एक एपीआय टूल (एका सिस्टिममधली माहिती दुसऱ्या प्रोग्रॅमला आणून देणारं साधन) वापरते आहे. प्रोजेक्टचा आयडी आणि दोन तारखा दिल्या की मधल्या काळातल्या नोंदी जेसन या मजकुरी फॉरमॅटमध्ये येतात: कामगार, तारीख, तास, कॉस्ट कोड (खर्च कुठल्या कामावर टाकायचा त्याचा क्रमांक), साधी वेळ की ओव्हरटाइम, जेवणाची सुट्टी, मंजुरीची स्थिती. जोडणी अर्ध्या दिवसात होते. पुढचा सगळा वेळ जातो तो डॉक्युमेंटेशनमध्ये न लिहिलेलं शोधण्यात.

सगळ्यात मोठी उणीव ही, की टाइमकार्ड एकदा भरलं म्हणजे संपलं असं गृहीत धरून ते डॉक्युमेंटेशन लिहिलंय. साइटवर तसं होत नाही. फोरमन, म्हणजे मुकादम, सोमवारी पूर्ण क्रूचे (त्याच्या टोळीचे) तास भरतो, बुधवारी दोघांचा कॉस्ट कोड बदलतो, शुक्रवारी सुपरिंटेंडंट मंजुरी देतो आणि पुढच्या आठवड्यात ऑफिस एखादी दुबार नोंद काढून टाकतं. टूलचा तारखेचा फिल्टर कामाच्या तारखेवर चालतो, बदलाच्या तारखेवर नाही. रोज रात्री फक्त कालची तारीख मागवली, तर यातला एकही बदल आपल्यापर्यंत येणार नाही.

आम्ही रोज मागचे २१ दिवस पुन्हा मागवतो. नोंद आयडीवर जुळवायची. शेवटच्या बदलाची वेळ तीच असेल तर सोडायची, पुढची असेल तर जुनी प्रत जपून नवी लिहायची. काढून टाकलेली नोंद उत्तरात येतच नाही, त्यामुळे आपल्याकडचे त्या २१ दिवसांतले आयडी आणि नुकते आलेले आयडी ताडून बघावे लागतात. आयडी गायब दिसला तरी लगेच पुसू नका, खूण करून ठेवा. सलग दोन रात्री गायब राहिला तरच काढा.

दोन रात्री का, ते पानांच्या हिशेबात आहे. नोंदी १००-१००च्या पानांत येतात. पहिलं पान वाचून झालं आणि तेवढ्यात त्यातली एक नोंद कुणी काढली, तर १०१वी नोंद शंभराव्या जागी सरकते. दुसरं पान तिच्या पुढून सुरू होतं आणि ती नोंद कुठल्याच पानात सापडत नाही. एररही येत नाही. प्रत्येक पानाच्या हेडरमध्ये, म्हणजे पानासोबत येणाऱ्या माहितीत, नोंदींची एकूण संख्या असते. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच राहिली का बघा, बदलली तर पूर्ण फेरी पुन्हा करा. एक नोंद काढली आणि एक नवी आली तर संख्या तीच राहते आणि हा ताळाही फसतो. म्हणून दुसऱ्या रात्रीची फेरी हवीच.

वेळेच्या बाबतीत पुण्यात बसून काम करणाऱ्यांनी जास्त सावध राहायला हवं. समजा, डेन्व्हरच्या साइटवर उन्हाळ्यात शनिवारी रात्री १०ला शिफ्ट सुरू झाली. यूटीसीत (सिस्टिम जिच्यावर चालतात त्या जागतिक प्रमाणवेळेत) तेव्हा रविवारचे पहाटेचे ४ वाजलेले असतात आणि आपल्याकडे रविवारची सकाळ, साडेनऊ. कंत्राटदाराचा कामाचा आठवडा रविवारी सुरू होत असेल, तर यूटीसीवरून तारीख काढल्यावर अख्खी शिफ्ट पुढच्या आठवड्यात जाते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ओव्हरटाइम आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट असतो, त्यामुळे पगारच बदलतो. कॅलिफोर्नियात तर दिवसाच्या ८ तासांनंतर दीडपट आणि १२नंतर दुप्पट, तिथे नुसता दिवस चुकला तरी पगार चुकतो. नोंदीतलं कामाच्या तारखेचं स्वतंत्र फील्ड जसंच्या तसं वापरा, वेळेवरून तारीख काढू नका. अमेरिकेत घड्याळ तासभर पुढे किंवा मागे होण्याच्या रात्री वेगळ्या तपासा: रात्री १० ते सकाळी ६ ही शिफ्ट मार्चच्या दुसऱ्या रविवारी खरी ७ तासांची होते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ९ तासांची. ॲरिझोनात बहुतेक ठिकाणी घड्याळ बदलतच नाही, म्हणून टाइमझोन प्रोजेक्टवरून घ्या, कंपनीवरून नाही.

तास दशांशात येतात. ७ तास २० मिनिटं म्हणजे ७.३३, पाच दिवसांचे ३६.६५ होतात आणि खरे आहेत ३६ तास ४० मिनिटं, म्हणजे ३६.६७. सुरुवात-शेवट उपलब्ध असेल तिथे मिनिटं पूर्णांकात साठवा, भागाकार शेवटी एकदाच करा. जेवणाची सुट्टी मात्र मिनिटांत येते आणि तासांतून ती आधीच वजा झालेली असते. ७:०० ते ३:३०, सुट्टी ३०, तास ८ अशी एक नोंद उघडली की हे कळतं. डॉक्युमेंटेशनमध्ये एककच लिहिलेलं नव्हतं. पुन्हा वजा केलं, तर पाच दिवसांच्या आठवड्यात माणशी अडीच तासांचा पगार बुडतो. एका वाक्याच्या अभावी कामगाराचे पैसे जाणं आम्हाला अजिबात मान्य नाही.

कॉस्ट कोड नेहमी मजकूर म्हणून ठेवा. ०३-३० हा कोड सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या फाइलमधून) अमेरिकन सेटिंगच्या एक्सेलमध्ये उघडला की ३० मार्च होतो.

लॉगिन आणि मर्यादांबद्दल तक्रार नाही. टोकन (लॉगिनची तात्पुरती किल्ली) संपलं की ४०१ हा एरर कोड, विनंत्या जास्त झाल्या की ४२९ आणि सोबत किती सेकंद थांबायचं तो आकडा. तेवढं थांबलं की पुढचं सुरळीत.

सरकारी कामांसाठी एक इशारा. डेव्हिस-बेकन कायद्याखालच्या (कामगारांना त्या भागातली प्रचलित मजुरी देण्याचा कायदा), म्हणजे २,००० डॉलरवरच्या संघीय बांधकामांवर, दर आठवड्याला प्रमाणित पेरोल, म्हणजे बरोबर असल्याची सही केलेला पगाराचा तक्ता, द्यावा लागतो. तो गेल्यावर टाइमकार्ड बदललं, तर सुधारित पेरोल पाठवावा लागतो. मंजूर नोंदही नंतर उघडून बदलता येते, हे टूल कुठेच सांगत नाही. पेरोल पाठवताना त्या क्षणाच्या सगळ्या नोंदींची प्रत गोठवून ठेवा आणि रात्रीची फेरी तिच्याशीही ताडा.

हे सगळं आम्ही उदाहरणांसह टूल बनवणाऱ्यांना कळवलं. तारखेच्या फिल्टरचं स्पष्टीकरण आणि सुट्टीचं एकक आता डॉक्युमेंटेशनमध्ये आलंय. काढलेल्या नोंदी आणि पानांची सरकासरक यांबद्दल अजून एक ओळही नाही.