नऊ महिने ऑनलाइन शिफारशींवर पुस्तकं वाचली, त्याचा अनुभव

दिवाळीनंतर सुरू केलं, आता जुलै संपत आला, म्हणजे लिहायला हरकत नाही. मी भुसावळची, नोकरी जळगावला, रोजचं अप-डाऊन. लहानपणी किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचायचे, पण स्पर्धा परीक्षेची चार वर्षं गेली आणि वाचन म्हटलं की हातात हायलायटर. परीक्षा सुटली तरी ते सुटेना, कादंबरी उघडली की यातलं काय विचारतील हेच डोक्यात, मग दहा पानांत पुस्तक बाजूला आणि मोबाईल सुरू.

त्याच मोबाईलवर लोक पुस्तकांबद्दल काय लिहितात ते वाचायला लागले. एक सांगते, स्टार बघूच नका. 'अप्रतिम, प्रत्येकाने वाचावंच' यावर घेतलेली माझी तीन पुस्तकं अर्धी पडून आहेत. पण ज्याने कुठे कंटाळा आला, कुठलं पान परत वाचलं हे लिहिलंय त्याचं ऐकलं की सहसा फसत नाही. अशी चार-पाच माणसं मी धरून ठेवलीत, भेटलेले एकालाही नाही.

'कोसला' असंच हातात आलं. लेखक भालचंद्र नेमाडे आमच्याच जिल्ह्यातले, यावल तालुक्यातल्या सांगवीचे, माझी मावशी यावलला, आणि १९६३ सालचं हे पुस्तक मला कोकणातल्या एका बाईने सुचवावं लागलं. तिने बजावलं होतं की मनीचा, म्हणजे नायकाच्या धाकट्या बहिणीचा भाग घाईत वाचू नका. मी नेमका सकाळच्या गाडीत वाचला, जळगाव आलं म्हणून पुस्तक मिटलं, आणि दिवसभर ऑफिसात कुणाशी धड बोलले नाही. संध्याकाळी लक्षात आलं, आज हायलायटर पर्समधून काढलाच नव्हता.

एक वाईट अनुभव पण. एका विक्रेत्याकडे पुस्तक अर्ध्या किमतीत दिसलं म्हणून मागवलं तर नकली प्रत निघाली, पातळ कागद, अक्षरं फिसकटलेली, मधली सोळा पानं गायब. पैसे मिळाले परत, पण लिहिणाऱ्याला यातलं काहीच जात नाही याचं जास्त वाईट वाटलं. आता शिफारस ऑनलाइन आणि पुस्तक शक्यतो वाचनालयातून, नाहीतर सरळ प्रकाशकाकडून.

बहिणाबाईंच्या कविता मात्र आपल्याला येतात असंच मी समजत होते, शाळेत संदर्भासह स्पष्टीकरण लिहिलेलं ना. कुणीतरी लिहिलं होतं की अर्थ शोधू नका, मोठ्याने वाचा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला, दुपारी कूलरसमोर बसून मोठ्याने वाचायला लागले, आई शेजारी वर्षाचे गहू निवडत होती. एका शब्दाला मी अडखळले तर तिने ताट न सोडता तो नीट म्हणून दाखवला, पुढच्या पानावर अजून एक. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवलं म्हणून हे राहिलं आणि त्या गेल्यावर १९५२ ला छापलं गेलं, हे सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला. "हे त आपल्या घरातलंच बोलनं हाये," म्हणाली, आणि चष्मा मागितला.

पुस्तक आता तिच्या उशाशी असतं, मला हवं तर मागून घ्यावं लागतं.