‘नखं आपोआप झिजतात’ म्हणून घेतलेल्या दांडीने पिकूचे तळवे सोलले

पिकू माझा कॉकाटील, म्हणजे तुरा असलेला छोटा पोपट, सहा वर्षांचा. त्याची नखं कापायची म्हणजे दोन माणसं लागायची, एकदा तर रक्तही आलं होतं. पक्ष्यांचं सामान विकणाऱ्याला मी ही अडचण सांगितली, तर त्याने लगेच पिंजऱ्यात पक्ष्याला बसायच्या दांड्यांचा एक सेट पुढे केला. गुळगुळीत गोल लाकूड आणि त्यावर चढवलेली पॉलिश पेपरची नळी. “नखं आपोआप झिजतात, पकड घट्ट बसते, डॉक्टरच सांगतात हीच लावा,” असं छातीठोकपणे बोलला. जुन्या दांड्या काढून टाका, म्हणजे पक्षी यावरच बसेल, हा सल्लाही त्याचाच. मी सगळ्या काढल्या.

तीन आठवड्यांनी पिकू रात्री दांडीवर झोपेनासा झाला. जाळीला नखं अडकवून लटकून राहायचा. दिवसा एक पाय पोटाशी घ्यायचा, थोड्या वेळाने दुसरा. पक्षी एका पायावर बसतातच, म्हणून मी आधी मनावर घेतलं नाही. पण हा सारखा पाय बदलत होता. विक्रेत्याला फोन केला. “नव्या दांडीला सरावतोय, आठ दिवस थांबा.” आठ दिवसांनी तळव्याचा फोटो पाठवला, तर त्याने वनौषधींचं म्हणून एक मलम विकलं. डबीवर घटकांची यादीच नव्हती. मी विश्वासाने लावत राहिले. पिकू ते चोचीने पुसायचा आणि पोटाची पिसं तेलकट होऊन चिकटायची.

शेवटी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंगातून मला आधी त्याच्या बोटाची निरोगी कातडी दाखवली. तिच्यावर बारीक बारीक दाणे असतात. तळव्यावरचे दाणे मात्र सपाट होऊन कातडी गुलाबी, चकचकीत झाली होती. उजव्या पायाच्या मधोमध तपकिरी खपली आणि तिच्याभोवती सूज. याला बंबलफूट म्हणतात. जखमेतून जंतू आत शिरले की संसर्ग स्नायुबंध आणि हाडापर्यंत जाऊ शकतो, म्हणून एक्स-रे काढावा लागला. हाड वाचलं होतं.

मग त्यांनी पिकूला त्याच दांडीवर बसवून दाखवलं. पोपटवर्गीय पक्ष्यांची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. ती दांडीला वेढतात तेव्हा नखांची टोकं बहुधा हवेतच राहतात. घासला जातो तो तळवा. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी मी ती दांडी घेतली, तीच त्या दांडीला जमत नव्हती. हे विकणाऱ्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

नुसती नळी काढूनही भागत नाही, हे मला नवीन होतं. सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या आणि गुळगुळीत असल्या की पक्ष्याचा भार रोज त्याच त्या बिंदूंवर पडतो. भरीला पिकूचं वजन वाढलेलं आणि खाणं नुसत्या बियांचं. त्यात अ जीवनसत्त्व फार कमी असतं आणि ते कमी पडलं की कातडी कमकुवत होते. माझी ही चूक मला मान्य आहे.

जखम धुणं, पट्टी, प्रतिजैविक आणि सूज-वेदनेचं औषध, सगळं डॉक्टरांच्या हातून झालं. मलम बंद. स्टेरॉइड असलेली मलमं पक्ष्यांना फार घातक ठरतात, आणि त्या डबीत काय होतं हे कळायला मार्गच नव्हता. खपली घरी ओढून काढायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आता पिंजऱ्यात सालीसकट वाकड्यातिकड्या फांद्या आहेत, कुठे जाड कुठे बारीक. पेरूची फांदी चालते, कण्हेरीची विषारी असते. औषध न फवारलेली फांदी घासून धुऊन, पूर्ण वाळवून लावते. बोटांनी दांडीचा साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग वेढावा. पुढची-मागची बोटं एकमेकांना टेकत असतील तर दांडी बारीक आहे. दोरीची दांडीही आहे, पण तिचे धागे सुटतात का ते रोज बघते, कारण ते बोटाला गुंडाळले जातात किंवा पोटात जातात. एका कोपऱ्यात सपाट फळी आहे. पिकू पहिल्याच रात्री तिच्यावर झोपला, कित्येक दिवसांनी जाळी सोडून. बियांसोबत गाजर आणि हिरवा पाला सुरू केलाय, नखं डॉक्टर कापतात.

विक्रेत्याला विचारलं, कोणत्या डॉक्टरांनी ही दांडी सुचवली? उत्तर आलं, “तुमच्या पक्ष्यालाच आधीपासून आजार असेल.” दांडी बसवण्याआधीचा, स्वच्छ तळव्यांचा फोटो पाठवला, त्यावर काहीच बोलला नाही. त्याच्या जाहिरातीत तेच वाक्य आजही आहे. तुमच्याकडे ही नळी असेल तर आजच काढा, आणि पक्षी जाळीला लटकलेला असताना खालून टॉर्च मारून दोन्ही तळवे बघा. दाणे दिसले नाहीत, कातडी चकाकली, तर मलम शोधत बसू नका, थेट पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या.